बरणी

बेरेंडच्या धरणाच्या पायथ्याशी एक ओल आहे,
माझ्या जन्माआधीची.
भोवती लव्हाळी माजलीय, बेडूक आहेत,
आणि रोज सकाळी साडेसहाला
माझा बाप, फ्लोर्स केटलडास,
जर्दाळूच्या जॅमची रिकामी बरणी घेऊन
तिथे उकिडवा बसतो.

बरणी भरेपर्यंत आकडे मोजतो.
एकेचाळीस. एकेचाळीस. काल चाळीस होते.
मग ती उजेडाकडे धरतो
आणि पाण्यापलीकडची स्वतःची करंगळी पाहतो.
करंगळी दिसली की चहा.

लहानपणी विचारलं होतं मी,
गळतंय तर बुजवत का नाहीत?
म्हणाला, मातीची भिंत आहे पोरी, घाम यायचाच.
पाणी एकटं निघालं तर निघू दे.
माती सोबत घेऊन निघालं,
तर चपला शोधत बसायचं नाही.

वॉटलची रोपं बोटाएवढी असतानाच तो उपटतो.
मुळं मोठी होऊन कुजली
की भरावात बोळ राहतात म्हणे.
साळिंदराशी त्याचं जुनं वैर.

टेकडीमागे नवी बाग लावली त्या वर्षी
बेरेंडने सांडव्यात तीन फळ्या ठोकल्या.
तीन फळ्या म्हणजे तीन आठवड्यांचं पाणी,
बावीस हजार सफरचंदांच्या झाडांना.
माणूस वाईट नाही.
आईच्या ऑपरेशनला गाडी त्यानेच दिली होती.
धरण त्याचं, डोंगरापर्यंत जमीन त्याची,
फळ्याही त्याच्याच.
खाली फक्त आम्ही आमचे.

कचेरीत फायली लावताना मला तो कागद सापडला.
टाइपरायटरची अक्षरं, कडेला गंजलेली टाचणी.
भिंतीची उंची : साडेनऊ मीटर.
धोका : कमी.
धरणाखाली वस्ती : नाही.

मी खिडकीतून पाहिलं.
नऊ घरं. मागरीता वितबोईची वाळत घातलेली चादर.
आणि त्या ‘नाही’वर गोल गोल
सायकल फिरवणारा तिचा नातू.

ऑगस्टमध्ये लांगक्लूफवर पाऊस तीन दिवस बसून राहिला.
तिसऱ्या रात्री बाप एकोणतीसवर थांबला.
तासाभराने सतरा.
टॉर्चच्या उजेडात बरणी धरली,
करंगळी नव्हती.

बेरेंड मोसल बेला, फोन लागेना.
बाप पहार घेऊन वर गेला,
मी दारं वाजवत खाली.
नवव्या दाराशी पोचले तेव्हा
सांडव्याचा आवाज आला,
कुणीतरी फार दिवस दाबलेला खोकला खोकावा तसा.

पहाटे आम्ही सगळे चर्चच्या ओट्यावर,
ब्लँकेटं, कोंबड्या, एक शिलाई मशीन.
भिंत जागेवर होती.
पाणी तीन फळ्या खाली.

दुपारी बेरेंडची बक्की आली.
फळ्या शेडमध्ये रचलेल्या होत्या.
खिळे उपटून, सरळ करून, कॉफीच्या डब्यात,
एकही हरवलेला नाही.
त्या खिळ्यांकडे तो खूप वेळ पाहत राहिला.
मग विचारलं, गढूळ होतं?

बापाने बरणी पुढे केली.
तळाशी दोन बोटं गाळ, वर निवळ पाणी.
बेरेंडने झाकण घट्ट केलं
आणि बरणी गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली,
पट्टा लावून.

फळ्या अजून शेडमध्येच आहेत.
परत ठोकल्या नाहीत. जाळल्याही नाहीत.
डिसेंबरात नव्या बागेची पानं करपली
तेव्हा आम्ही सगळेच जरा हळू बोललो.

मी नवा कागद भरून पाठवला.
‘वस्ती’पुढे नऊ नावं मावेनात,
शेवटची चार समासात आडवी लिहिली.
उत्तर आलेलं नाही.

बापाला नवी बरणी मिळालीय, पीनट बटरची.
थोडी मोठी आहे,
जुन्या आकड्यांशी ताळाच लागत नाही.
वहीत रेघ मारून
त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलंय.
आज त्रेपन्न.
त्रेपन्न म्हणजे किती, ते अजून
आम्हाला ठाऊक नाही.